ओल्या सावलीतल्या चावऱ्या माश्या आणि जाळीचं जाकीट

डोक्यापासून कमरेपर्यंत नुसती जाळी, तोंडासमोर काळ्या जाळीचा तुकडा, मनगटांना आणि कमरेला इलॅस्टिक, गळ्याभोवती गोल फिरणारी चेन. चावऱ्या किड्यांपासून वाचण्यासाठी मिळणारं हे जाकीट मी भरपूर वापरलंय. त्याच्याबद्दलची मतं वाचायला गेलात तर दोन टोकं सापडतील. कुणी लिहितं, याच्याशिवाय झाडीत पाऊल टाकत नाही. कुणी लिहितं, पैसे पाण्यात गेले. माझ्या अनुभवाने दोघंही खरं सांगतात, कारण दोघांना चावणारी माशी वेगळी असते. जाकीट चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी आपल्याला कोण चावतंय ते ओळखायला हवं. म्हणून हे परीक्षण जितकं जाकिटाचं आहे तितकंच माश्यांचंही आहे.

मी वनस्पतींची चित्रं काढते, त्यातही शेवाळं आणि नेचे. ही मंडळी वाढतात झऱ्याच्या काठी, कुजक्या ओंडक्यांवर, ऊन न पोचणाऱ्या उतारांवर. तिथे एका जागी न हलता तासन् तास बसावं लागतं. एका हातात भिंग, दुसऱ्यात पेन, त्यामुळे माशी हाकलायला हात मोकळा नसतो. शिवाय वारा पडलेला असला की माझ्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड माझ्याभोवती साचतो, आणि रक्त शोधणाऱ्या बहुतेक माश्या त्याच्याच मागावर येतात. जाकिटाची याहून कडक परीक्षा दुसरी नसावी.

अशाच जागी त्या इतक्या का असतात, हे समजलं की निम्मी ओळख तिथेच होते. एक-दोन मिलिमीटरच्या जिवाला कोरड्या हवेची फार भीती. शरीर इवलंसं, त्यामानाने बाहेरचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे अंगातलं पाणी झपाट्याने उडून जातं. दमट, निवांत सावलीत तो धोका कमी. पिल्लावळही तिथेच: बऱ्याच जातींच्या अळ्या ओल्या मातीत, चिखलात, कुजक्या पाल्यात किंवा वाहत्या पाण्यात वाढतात. माद्यांना अंडी पिकवण्यासाठी रक्तातली प्रथिनं लागतात, म्हणून चावतात त्या माद्याच. नर फुलांतल्या मधुरसावर जगतात. याला ठळक अपवाद तबेल्याच्या माशीचा, तिच्याकडे पुढे येते.

आधी जाळीबद्दल, कारण फसगत होते ती इथेच. साध्या मच्छरदाणीला चौरस इंचात साधारण १५६ भोकं असतात, म्हणजे एका सेंटीमीटरच्या ओळीत पाच. डासाला तेवढं पुरतं. त्याहून लहान माश्यांना पुरत नाही. वाळूमाशीसाठी इंचाला निदान १८ भोकं, म्हणजे सेंटीमीटरला सात तरी हवीत असं सांगितलं जातं. चावऱ्या चिलटांसाठी त्याहूनही दाट जाळी लागते. माझ्या जाकिटात सेंटीमीटरला बारा भोकं आहेत. ही मोजणी अवघड नाही. जाळीवर मोजपट्टी ठेवायची, वरून दहापट भिंग धरायचं आणि एका सेंटीमीटरमधली भोकं मोजायची. वेष्टणावर ‘सर्व कीटकांपासून संरक्षण’ असं कितीही ठळक छापलेलं असो, मी ही मोजणी केल्याशिवाय कुठलीच जाळी घेत नाही.

आता ज्यांच्यासाठी हे जाकीट खरोखर बनलंय त्यांच्याकडे येऊ. चावरी चिलटं, म्हणजे क्युलिकॉइडिस या प्रजातीतली मंडळी. लांबी एक ते तीन मिलिमीटर. अंगावर बसलेलं चिलट म्हणजे शाईचा ठिपका वाटतो, आणि आग सुरू होते तेव्हाच कळतं की ठिपका जिवंत आहे. भिंगाखाली पाहिलंत तर पंखांवर करड्या-पांढऱ्या डागांची नक्षी दिसते, आणि बसल्यावर दोन्ही पंख पाठीवर एकावर एक सपाट मिटलेले असतात. ही दोन लक्षणं दिसली की बहुधा ओळख पटते. डास नळी खुपसून थेट रक्तवाहिनीपर्यंत पोचतो. चिलटाचं तोंड आखूड असतं. कात्रीसारख्या जबड्यांनी ते कातडी कापतं आणि वर जमलेलं रक्त टिपून घेतं. इतकुशा जिवाचा चावा इतका झोंबतो तो यामुळे. पहाटे, संध्याकाळी आणि ढगाळ, वारा पडलेल्या वेळी त्यांचा जोर असतो. उडण्याची ताकद कमी, त्यामुळे वाऱ्याची झुळूक सुरू झाली की ती गायब होतात.

यांच्यापुढे जाकिटाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. जाळीच्या बाहेर ढग जमलेला असतो आणि आत मी शांतपणे रेघ ओढत असते, ही सोय खरंच मोठी आहे. मात्र एका भोकातून शिरू न शकणारं चिलट शिलाईतून शिरतं. सुई जिथून गेली तिथे धागे बाजूला सरकून जाळीपेक्षा मोठं भोक पडतं. खांद्याची आणि टोपीची शिवण दुमडून, दुहेरी घातलेली असेल तरच जाकीट विश्वासाचं. माझ्या जाकिटाची खांद्याची शिवण दुहेरी आहे, काखेतली एकेरी, आणि काखेतच चावे येतात. चेनीची दोन टोकं गळ्यापाशी जिथे भेटतात तिथेही बोटाच्या नखाएवढी फट राहते. तिच्यावर कापडाचा झाकणपट्टा हवा होता, तो नाही. मी रुमाल बांधते.

वाळूमाशीची गोष्ट वेगळी. तीही दोन-तीन मिलिमीटरचीच, पण अंगभर केस, रंग मातकट, आणि बसल्यावर पंख मिटत नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर, तिरके उभे ठेवते. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे, कारण इतर छोट्या चावऱ्या माश्यांत असं बसणारी तीच. सरळ उडत नाही, भिंतीवरून टुणटुण उड्या मारत सरकते. आवाज जवळजवळ नाही. दिवसभर भेगा, बिळं, गोठ्याचे अंधारे कोपरे, झाडांच्या ढोल्या अशा दमट जागी लपते आणि अंधार पडला की बाहेर येते. तिच्या अळ्यांना साचलेलं पाणी लागत नाही, सेंद्रिय कचरा मिसळलेली ओलसर माती पुरते. त्यामुळे डबकी बुजवली की डास कमी होतील, वाळूमाशी होणार नाही.

तिला मी सगळ्यात गंभीरपणे घेते. लेशमॅनियासिस हा आजार वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. त्याच्या एका प्रकारात कातडीवर महिनोन् महिने न भरणारी जखम होते. काळा आजार या दुसऱ्या प्रकारात प्लीहा आणि यकृत वाढतं, दीर्घकाळ ताप येतो, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. जाकीट तिलाही अडवतं, पण ती येते झोपेच्या वेळी आणि जाकीट घालून कुणी झोपत नाही. तिच्यासाठी खरा उपाय म्हणजे कीटकनाशक लावलेली बारीक जाळीची मच्छरदाणी, तीही कडा गादीखाली नीट खोचून. बारीक जाळीत हवा कमी खेळते हे खरं. तरी उकाडा सहन करून मी तीच वापरते.

वाहत्या पाण्याजवळ बसणाऱ्यांनी काळ्या माशीकडे लक्ष द्यावं. शास्त्रीय कुळ सिम्युलिडी. दोन ते पाच मिलिमीटरची, गुटगुटीत, आणि पाठीला चक्क कुबड. पंख रुंद, पारदर्शक, बिनडागी, आणि मिशा शिंगांसारख्या आखूड. हिच्या अळ्या वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात दगडांना चिकटून राहतात आणि डोक्यावरच्या पंख्यांनी प्रवाहातलं अन्न गाळून खातात. झरा जितका खळाळता तितकी ही अधिक. मोठ्या नद्यांच्या काठी आफ्रिकेत ‘नदीचं अंधत्व’ या नावाचा आजार पसरवते ती हीच. तिच्या चाव्यातून ऑन्कोसर्का नावाचा कृमी माणसात जातो.

काळी माशी दिवसा चावते. चावताना फारसं कळत नाही. तिच्या लाळेत बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात. नंतर पाहावं तर मधोमध रक्ताचा वाळका थेंब आणि भोवती सूज. जाकिटाची खरी कसोटी हिच्याशी लागते, कारण ही जाळीवर बसून थांबत नाही, चालू लागते. कड शोधत खाली खाली जाते आणि कमरेच्या इलॅस्टिकखालून किंवा बाहीच्या टोकातून आत घुसते. केसांच्या रेषेवर आणि कानामागे चावण्याची तिला विशेष आवड. उपाय साधा आहे: जाकीट पँटमध्ये खोचायचं, हातमोज्यांवरून बाह्या ओढून घ्यायच्या आणि पँटचे पाय मोज्यांत घालायचे. कमरेला नुसतं इलॅस्टिक असलेल्या जाकिटापेक्षा आवळायची दोरी असलेलं घ्या, खोचलेलं निसटत नाही.

आणि मग येते घोडमाशी. इथे जाकीट कमी पडतं, हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. एक सेंटीमीटरपासून अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंतची ही दणकट माशी. डोळे प्रचंड, काही जातींत हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांनी झळकणारे. डोळे मधोमध एकमेकांना टेकलेले असतील तर तो नर, तो चावत नाही. मध्ये फट दिसली तर मादी. तिचं तोंड पात्यांचं असतं आणि जाळी जिथे खांद्याला, पाठीला, कोपराला टेकते तिथे ती आरपार चावते. मोठे डासही हेच करतात. पुढे वाकून चित्र काढताना पाठीवर जाळी ताणली जाते आणि नेमकी ती जागा यांना सापडते. आत लांब बाह्यांचा, दाट विणीचा सैल सदरा घातल्यापासून माझी पाठ सुटली आहे. नुसत्या बनियनवर हे जाकीट घालू नका.

घोडमाश्यांतली एक छोटी शाखा, क्रायसॉप्स, झाडीच्या कडेला आणि सावलीतल्या पायवाटांवर दबा धरून बसते. पंखांवर गडद आडवा पट्टा असतो, त्यावरून ती लगेच ओळखू येते. ही डोक्याभोवती गोल गोल फिरत राहते, कारण हलत्या वस्तूचा सर्वांत वरचा भाग तिला हवा असतो. टोपीची जाळी इथे चांगली कामाला येते, पण आत कडेची हॅट हवी. हॅटशिवाय जाळी कपाळाला चिकटते, मग ती असून नसल्यासारखी.

घोडमाश्या नजरेने शिकार शोधतात, म्हणून रंग महत्त्वाचा. गडद, हलती, उबदार वस्तू त्यांना ओढते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची झूल घातली, तर त्यावर घोडमाश्या फारच कमी उतरल्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवले आणि चावऱ्या माश्या बसण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पट्टेरी जाकीट मी कुठे पाहिलेलं नाही, पण फिकट रंगाचं मिळतं आणि तेच घ्यावं. तोंडासमोरचा तुकडा मात्र काळाच हवा. पांढरी जाळी उजेड परावर्तित करते आणि समोर धुकं पसरल्यासारखं दिसतं. काळ्यातून स्वच्छ दिसतं. बरेच उत्पादक सबंध जाकीट एकाच रंगात काढतात, ते मला पटत नाही.

तबेल्याची माशी लांबून अगदी घरमाशी वाटते. जवळून पाहिलंत तर डोक्याच्या पुढे काढलेली टोकदार, ताठ सोंड दिसेल. घरमाशीला ती नसते. हिच्यात नर-मादी दोघंही रक्त पितात आणि चावतात घोट्याला. ओल्या, कुजक्या गवतात वाढते. कमरेपर्यंतचं जाकीट तिला काय अडवणार? जाड मोजे घाला.

आता माझ्या लाडक्या माशीबद्दल दोन शब्द, कारण तिच्यावर अन्याय होतो. दमट सावलीत झाडाच्या बुंध्यावर डोकं खाली करून बसलेली, लांब पायांची, शेपटीकडे निमुळत्या पोटाची, बहुधा पिवळट-तपकिरी माशी दिसली तर ती स्नाइप माशी, कुळ ऱ्हॅजिऑनिडी. दिसायला दांडगी आणि माणसाकडे रोखून बघतेय असं वाटतं, म्हणून लोक तिला चपराक मारतात. त्यातल्या बहुसंख्य जाती माणसाला चावत नाहीत. अळ्या माती आणि कुजक्या पाल्यातल्या इतर किड्यांच्या अळ्या खातात. सिम्फोरोमाया ही प्रजाती मात्र चावते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ जंगलांत तिचा उपद्रव असतो आणि चावा चांगलाच दुखतो. पण बुंध्यावर डोकं खाली करून बसलेल्या सगळ्याच माश्यांना एका मापाने मोजू नका. तिला बसू द्या, पंखांवरच्या शिरांची नक्षी बघा. पंखांच्या कडेवर गडद ठिपका असेल तर चित्र काढण्याजोगी माशी समोर आहे.

भिंगाचा विषय निघालाच आहे. या जाकिटाची माझ्या कामातली सर्वांत मोठी अडचण तीच. दहापट भिंग डोळ्याला चिकटवून धरावं लागतं आणि तोंडासमोर जाळी असते. चेन उघडली की आतलं सगळं संरक्षण गेलं. जाळीतून पाहिलं तर शेवाळाच्या पानावरचे दात दिसत नाहीत. मी आता भिंग जाकिटाच्या आत गळ्यात ठेवते आणि शेवाळाचा तुकडा छोट्या डबीत घालून खालून आत घेते. पक्षी पाहणाऱ्यांना दुर्बिणीची हीच अडचण येईल. नुसतं चालणाऱ्यांना, मासे पकडणाऱ्यांना, तंबूबाहेर बसणाऱ्यांना ती येणार नाही.

उकाडा होतो. बारीक जाळी म्हणजे हवा कमी, आणि दमट जागी घाम वाळतच नाही. अर्ध्या दिवसानंतर ते नकोसं होतं. वजन मात्र नगण्य. घडी करून मुठीत मावतं.

जाकिटाबरोबर अंगाला लावायचं औषध घ्यावंच लागतं, कारण हात उघडे राहतात. डीट हे १९४६ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेलं रसायन, १९५७ पासून सर्वांसाठी उपलब्ध झालं. डास, चिलटं, वाळूमाशी यांच्यावर ते चांगलं चालतं. सुमारे ५० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून परिणाम फारसा लांबत नाही, त्यामुळे सर्वांत तीव्र बाटली शोधण्यात अर्थ नाही. पण डीट प्लास्टिक, स्पॅन्डेक्स आणि रंगरोगण खराब करतं. जाकिटाचं इलॅस्टिक, चष्म्याची काडी, पेनाचं आवरण, सगळ्याला त्याचा त्रास. म्हणून मी पिकॅरिडिन वापरते. तेही तितकंच भरवशाचं, वास सौम्य आणि प्लास्टिकला धक्का लावत नाही. लिंबाचा वास असलेल्या निलगिरीपासून काढलेलं पीएमडी हाही पर्याय आहे, फक्त तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये. परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर फवारतात, त्वचेवर कधीच नाही. ते ओलं असताना मांजरांना घातक ठरतं आणि पाण्यात गेलं तर माशांना. झऱ्याकाठी काम करते म्हणून मी ते टाळते. घोडमाशीवर यातलं कुठलंच औषध फार उपयोगी पडत नाही.

जाकिटाऐवजी निळ्या दिव्याचं वीजयंत्र घेणाऱ्यांना मी कळकळीने थांबवू पाहते. १९९६ मध्ये अमेरिकेत अशा यंत्रांत मेलेल्या १३,७८९ किड्यांची मोजणी झाली. त्यात चावरे निघाले अवघे ३१. बाकी सगळे पतंग, भुंगेरे, पाण्यातले निरुपद्रवी किडे, म्हणजे पक्ष्यांचं आणि माशांचं अन्न. न ऐकू येणाऱ्या आवाजाने किडे पळवणारी यंत्रंही चालत नाहीत. त्यापेक्षा एका जागी बसायचं असेल तर साधा पंखा लावा. चिलटं आणि डास वाऱ्यापुढे टिकत नाहीत, शिवाय आपल्या श्वासाचा माग विखुरतो.

इतकं करून चावलीच तर जागा साबणाने धुवा, थंड पट्टी ठेवा, खाज फार असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन मलम लावा आणि खाजवू नका. चाव्यांत पू होतो तो बहुधा नखांमुळे. लाली पसरत गेली, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास अडला तर क्षणही दवडू नका. काही आठवडे उलटूनही जखम भरत नसेल तर कुठे, कधी, कसल्या जागी बसला होता ते डॉक्टरांना आपणहून सांगा. वाळूमाशीचा संशय त्यांना त्यावरूनच येईल.

जाकीट घेताना दुकानातच अंगावर चढवा, तेही हॅट आणि पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यावर, आणि पुढे वाका. पाठीवर जाळी ताणली तर एक माप मोठं घ्या. शिवणी उजेडाकडे धरून बघा, एकेरी शिवणीतून उजेडाचे थेंब दिसतात. चेन दोन्ही बाजूंनी बंद करून गळ्यापाशी बोट घालून पाहा. चिलटं आणि काळ्या माश्यांच्या जागी काम असेल तर या तीन गोष्टी जमलेलं जाकीट डोळे झाकून घ्या. त्रास घोडमाश्यांचा असेल तर त्याच पैशांत फिकट रंगाचा दाट विणीचा सदरा, रुंद कडेची हॅट आणि नुसती डोक्याची जाळी घ्या.